शेवटचं कडवं सेव्ह होईना

आमच्या घरात कुणाचाही मोबाइल बिघडला की तो माझ्याकडे येतो. आवाज येत नाही, फोटो उघडत नाहीत, गॅसचा नंबर लागत नाही, सगळ्याला मीच. मी जालन्यात एका बियाण्यांच्या कंपनीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते, एवढ्यावरून माहेरच्यांनी आणि सासरच्यांनी मिळून मला इंजिनियर ठरवून टाकलंय. माझा स्वभाव तापट. माणसांशी बोलताना माझा आवाज कधी चढतो ते मलाच कळत नाही. पण बंद पडलेल्या मोबाइलपुढे मी अगदी गरीब गाय होते. एकेक सेटिंग तपासत तासन्‌तास बसू शकते. नवरा म्हणतो, यातला निम्मा धीर मला दिला असतास तर संसार सोन्याचा झाला असता. मी म्हणते, तुमचं सेटिंगच सापडत नाही, काय करू.

तर अशा मला एका साध्या टेक्स्ट फाईलने दिवाळीपासून वैशाखापर्यंत छळलं. फाईल कसली, तर माझ्या मायच्या गाण्याची.

माझं माहेर अंबड तालुक्यात, अंतरवाली सराटीहून पुढे आत गेलं की लागणारं एक लहान गाव. आजोबांपर्यंत आमच्याकडे मेंढरं होती. आता कापूस आहे, सोयाबीन आहे, आणि पाणी पुरलं तर थोडी मोसंबी. गावात कुणाच्या घरी लग्नाची हळद दळायची असली की मायला बोलावणं यायचं. जातं धुऊन, खुंट्याला हळकुंड बांधून बायका बसल्या की माय गाणं उचलायची. ते गाणं तिला तिच्या आईकडून आलेलं. एकेक कडव्यात एकेका जागी हळद लावत लावत ते पुढे जातं, आणि 'लेक' असं जिथं येतं तिथं त्या त्या नवरीचं नाव घालायचं. 

पहिली हळद बाई, लावा जात्याच्या खुंट्याला,
माझ्या लेकीच्या वाट्याला, सुख येऊ दे.

दुसरी हळद बाई, लावा कोकराच्या कानाला,
माझ्या लेकीच्या मानाला, गाव येऊ दे.

मेंढरं गेली तरी गाण्यातलं कोकरू राहिलं. पूर्वी गावात हे गाणं येणाऱ्या आणखी दोघी-तिघी होत्या. त्या एकेक करत गेल्या. आता पूर्ण गाणं फक्त मायला येत होतं, आणि नव्या पोरींना स्पीकरवरच्या गाण्यांवर नाचायची घाई असायची. त्यात त्यांची चूक नाही. मीसुद्धा कधी शिकले नाही. माझा आवाज घोगरा आहे, हे कारण मी शाळेपासून सगळीकडे वापरते.

दिवाळी झाली आणि मायला अर्धांगाचा झटका आला. हलका होता. वेळेवर जालन्याला आणलं म्हणून हातपाय वाचले, तोंडही सरळ झालं. पण शब्द निसटायला लागले. बोलता बोलता थांबायची, समोरच्या तांब्याकडे बोट दाखवायची आणि त्याला काय म्हणतात ते तिला सापडायचं नाही. डॉक्टर म्हणाले, काही परत येतील, काही येणार नाहीत. वैशाखात माझ्या भाचीचं, म्हणजे भावाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. घरातली पहिली नात. दवाखान्यातल्या खाटेवर माय एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, तिच्या हळदीला मीच म्हणणार. सगळे म्हणायचे, हो, तूच म्हणायचं. आणि बाहेर येऊन एकमेकांकडे बघायचे. भरल्या मांडवात, बायकांच्या समोर तिचं गाणं मध्येच थांबलं तर काय, हा विचार माझा पिच्छा सोडत नव्हता.

मी मोबाइल काढला आणि म्हटलं, माय, तू सांग, मी लिहून घेते. रेकॉर्ड करायचाही प्रयत्न केला होता. पण तिने तोंडावर पदर घेतला. "नवरी न्हाई, हळद न्हाई, अन् दवाखान्यात गाणं म्हणू का मी?" म्हणून मग तिने नुसते शब्द सांगितले, हळू आवाजात, चाल न लावता. आणि गंमत म्हणजे पहिल्यांदा तिने शेवटचं कडवं सांगितलं. 

उरली हळद बाई, ठेवा कोनाड्यात झाकून,
लेक येईल वाकून, भाळी लावू दे.

बुटक्या दारातून वाकून आत येणारी माहेरवाशीण. ते टाइप करताना माझे डोळे भरले, पण समोर नर्स सलाईन बदलत होती म्हणून मी स्क्रीनच पुसत बसले.

ती फाईल मी इंटरनेटवर फायली ठेवायचं जे ॲप असतं त्यात टाकली आणि मायच्या मोबाइलशी जोडून दिली. कल्पना अशी की बाकीची कडवी जशी आठवतील तशी माय गावाकडे लिहील, मी जालन्यात बसून ती नीट मांडीन, आणि हळदीच्या दिवशी मोठ्या अक्षरात सगळं गाणं तिच्यासमोर असेल. माय सातवीपर्यंत शिकलेली. वाचते झरझर, आणि भाचीने तिला एका बोटाने टाइप करायलाही शिकवलं होतं. आजी-नात सकाळी ओसरीत बसून तासाभरात दोन ओळी काढायच्या.

पहिलाच अडथळा असा आला की मायच्या मोबाइलवर फाईल उघडायची, दिसायची, पण तिच्यात काही लिहिता यायचं नाही. भाचीचा फोन आला, "आत्या, आज्जी बोट दाबून दाबून कटाळली, कर्सरच येईना." मी इकडे तेच ॲप उघडून पाहिलं. ते टेक्स्ट फाईल फक्त दाखवत होतं. लिहायला दुसरं ॲप लागायचं. ते घालून दिलं, तर त्याने मूळ फाईल सोडून तिची एक नक्कल मायच्या मोबाइलमध्येच ठेवायला सुरुवात केली. माय बिचारी नकलेत लिहितेय, मी इकडे मूळ फाईल उघडून वाट बघतेय. शेवटी असं एक एडिटर सापडलं जे लिहिलेलं परत त्याच जागी नेऊन ठेवायचं, आणि आपोआप सेव्हही करायचं. ते मी शनिवारी गावी जाऊन स्वतः घातलं. जुन्या नकला पुसून टाकल्या.

तरी लिहिलेलं येईना. आठवडाभर मी ॲपची समजूत काढत होते. अपडेट केलं, कॅशे साफ केला, परवानग्या पाहिल्या. कारण निघालं आमचे वडील. घरात कुठं दिवा जळत राहिला, नळ टपकत राहिला की वडिलांना चैन पडत नाही. माय लिहून उठली की ते तिच्या मोबाइलचा डेटाही बंद करून ठेवायचे, बॅटरी उतरते म्हणून. लिहिलेलं गाणं घरातच अडकून पडायचं. मी त्यांना फोनवर समजावलं, की फाईलवर हिरवी खूण येईपर्यंत थांबत जा. तेव्हापासून ते चष्मा लावून त्या हिरव्या खुणेची राखण करायला लागले, आणि खूण दिसली की मगच बटण बंद.

मग गाणं यायला लागलं, लेकीच्या जागी भाचीचं नाव घालूनच. जात्याचा खुंटा आला, कोकराचा कान आला, विहिरीचं पाणी आलं, चुलीचा वैल, म्हणजे बाजूची लहान चूल, आला. कधी मधली ओळ नसायची, मग दोन दिवसांनी यायची. ऑफिसात चहाच्या वेळी मी फाईल उघडून बघायचे आणि नवी ओळ दिसली की दिवस बरा जायचा. माय परत येतेय असं वाटायचं.

एकदा दोघींनी एकाच वेळी फाईल उघडली, तर ॲपने घाबरून दोन वेगळ्या फायली केल्या, एक तिची आणि एक माझी. त्या जुळवताना माझी अख्खी दुपार गेली. त्यावर आम्ही एक युक्ती काढली. मायने फाईल उघडायच्या आधी मला एक मिस कॉल द्यायचा. मिस कॉल आला की मी फाईलला हात लावायचा नाही. शेतातली मोटर चालू कर म्हणायला, एसटी मिळाली हे सांगायला आमच्याकडे मिस कॉलच चालतो, तेव्हा मायला हे लगेच पटलं. रोज सकाळी नऊच्या सुमाराला मोबाइल एकदा वाजून बंद व्हायचा आणि मला कळायचं, माय गाण्यात शिरली.

सगळी कडवी आली. आणि नेमकं त्यानंतर शेवटचं कडवं गायब झालं.

मी आधी मनावर घेतलं नाही. माझ्याच हातून खोडलं गेलं असेल म्हणून परत टाइप केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा नाही. पुन्हा टाइप केलं. दोन दिवस राहिलं, तिसऱ्या दिवशी गेलं. बाकी सगळं गाणं जसंच्या तसं, काना-मात्रा हललेली नाही, फक्त 'उरली हळद' नाही. मायला फोन करून विचारलं, काही चुकीचं दाबलं का. म्हणाली, "न्हाई बाई, चुकीचं काई न्हाई दाबलं." भाचीला विचारलं, ती म्हणाली, आत्या, मी हातच लावत नाही, आज्जी एकटीच बसते आता.

मग मी कामाला लागले. माझा अंदाज असा झाला की फाईल लहान होती तोवर कडवं टिकत होतं, गाणं पुरं झाल्यापासून टिकत नाही, म्हणजे फाईल मोठी झाल्यावर तिचं शेपूट कापलं जातंय. हे मी नवऱ्याला इतकं खात्रीने सांगितलं की तोही मान हलवायला लागला. वास्तविक ती फाईल एवढीशी. एका फोटोत अशा शेकडो मावतील. तरी मी शेवटी मोकळ्या ओळी घालून पाहिल्या, म्हणजे कापायचं तर त्या काप. मोकळ्या ओळी राहिल्या, कडवं गेलं. एडिटर काढून दुसरं घातलं. मायचा मोबाइल बंद करून चालू करायला लावला. फाईलचं नाव मराठीत होतं ते इंग्रजी केलं. ॲपवाल्यांच्या मदतीच्या पानावर तक्रार लिहिली, तर तिथून इंग्रजीत लांबलचक उत्तर आलं, त्यात मी करून झालेल्याच गोष्टी पुन्हा करायला सांगितल्या होत्या. दर वेळी मी ते कडवं नव्याने टाइप करायचे. बसमध्ये, दूध तापवताना, मीटिंगमध्ये टेबलाखाली. उरली हळद बाई, ठेवा कोनाड्यात झाकून.

लग्न महिन्यावर आलं आणि मी घाईघाईत एक घोळ घातला. ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ती फाईल उघडून सेव्ह केली. त्या कॉम्प्युटरला मराठी धड समजत नाही. सगळ्या गाण्याची प्रश्नचिन्हं झाली. जात्याच्या खुंट्यापासून चुलीच्या वैलापर्यंत नुसती प्रश्नचिन्हं, रांगेने. मायने हे सगळं एका बोटाने काढलं होतं, आणि तिच्याकडून ते पुन्हा निघेल याची काही खात्री नव्हती. शेजारच्या टेबलावरच्या बाईने माझं तोंड बघून पाणी आणून दिलं.

तेव्हा मी फाईलच्या जुन्या आवृत्त्या शोधल्या. ॲपमध्ये हे असतं, मला ऐकून माहीत होतं, पण कधी गरज पडली नव्हती. फाईल प्रत्येक वेळी कशी होती, कुठल्या मोबाइलवरून बदलली, सगळं ओळीने ठेवलेलं. आदल्या दिवशीची आवृत्ती परत आणली आणि गाणं जागेवर आलं. मी डोळे मिटून खुर्चीत टेकले. मग, जरा सावरल्यावर, सहज खाली बघत गेले.

माझ्या मोबाइलवरून कडवं आलेलं. त्यानंतर, मिस कॉलच्या वेळेला, मायच्या मोबाइलवरून बदल. पुढच्या वेळीही तसंच. एका दिवशी एडिटरने मध्ये मध्ये आपोआप सेव्ह केलं होतं, त्यामुळे तिचं बोट कुठं कुठं पोचलं तेही दिसत होतं. एका आवृत्तीत 'भाळी लावू दे' नव्हतं. पुढच्या आवृत्तीत कडवं 'ठेवा कोना' इथं येऊन थांबलं होतं. त्यापुढच्या आवृत्तीत काहीच नव्हतं. एकेक अक्षर, शेवटाकडून, शांतपणे खोडलेलं. ॲपमध्ये काही बिघाड नव्हता. माझ्या मायने ते स्वतः काढलं होतं, दर वेळी.

राग आला. शनिवारची वाटही बघितली नाही, रजा टाकली आणि अंबडची बस धरली.

माय अंगणात बसून लग्नाच्या कुरडया उन्हात टाकत होती. मी चप्पल काढायच्या आधीच विचारलं, शेवटचं कडवं तू खोडतेस का.

"हां," ती म्हणाली. "मंग?"

मी म्हटलं, मी तुला विचारलं होतं ना, काही चुकीचं दाबलं का म्हणून.

"चुकीचं कुठं दाबलं? बराबर दाबलं."

मी कपाळाला हात लावला. भाची दारात उभी राहून हसू दाबत होती. मग मायने हात पुसले आणि मला सावलीत बसवून सांगितलं, लहान मुलीला सांगावं तसं. तिच्या माहेरी हे गाणं हळदीवाचून पुरं करत नसत. पोरींना शिकवायचं तेही शेवटच्या कडव्याच्या अलीकडे थांबायचं. शेवटचं जिचं तिने मांडवातच ऐकायचं, हाताला हळद लागलेली असताना. 'उरली हळद' म्हणून झालं म्हणजे हळद झाकली, काम उरकलं. नवरी बसायच्या आधीच उरकून ठेवायचं का? मी म्हटलं, मग दवाखान्यात सगळ्यात आधी तेच का सांगितलंस. तर म्हणाली, तेव्हा तेवढं एकटंच होतं, त्याला गाणं म्हणत नाहीत. आणि ते विसरायची भीती वाटत होती. मग बाकीची सगळी कडवी आली, गाणं पुरं भरलं, तेव्हा ते काढावं लागलं. मी परत घातलं की तिला वाटायचं, आपणच काढायला विसरलो असू. म्हणून पुन्हा काढायची. मला सांगायचं तिच्या मनातही आलं नाही, कारण तिच्या लेखी हे कुणालाही कळायला हवं होतं.

मी म्हटलं, आणि मांडवात ऐन वेळी आठवलं नाही तर?

माय एक कुरडई उलटी करता करता थांबली. झटक्यानंतर ती अशी थांबली की मला धसका बसायचा, शब्द गेला की काय. पण शब्द गेला नव्हता.

"इसरले तं इसरले," ती म्हणाली. "पन तू सारं पुरं करून ठेवून राह्यली. पुरं करून ठेवलं की मंग मी कशाला लागते?"

माझा राग कुठं गेला कळलं नाही. मी तिच्या ओल्या हाताला हात लावून बसले. एवढे महिने मी गाणं वाचवत होते, आणि माय त्या गाण्यात स्वतःसाठी एवढीशी जागा राखत होती. मी तिला शब्द दिला की फाईलला आता हात लावणार नाही. फाईलला लावला नाही. पण माझ्या स्वभावाप्रमाणे त्या कडव्याची एक नक्कल माझ्या मोबाइलमध्ये गुपचूप ठेवून घेतली. ऐन वेळी लागली तर असावी म्हणून.

हळदीच्या दिवशी सकाळीच जातं बाहेर निघालं. खुंट्याला हळकुंड बांधलं. भाची पिवळी साडी नेसून पाटावर बसली. आत्या म्हणून पहिला मान माझा, तेव्हा मी जात्यावर. माझ्यासमोर एक चुलतवहिनी. मायच्या पुढ्यात दुसऱ्या पाटावर तांब्याला टेकवून तिचा मोबाइल उभा केलेला, अक्षरं मोठ्ठी केलेली. वडील दारातून डोकावून हिरवी खूण बघून गेले. त्या दिवशी तिची काही गरज नव्हती, पण सवय.

मायने गाणं उचललं. आवाज बारीक झाला होता, पण चाल तीच. खुंट्याचं कडवं झालं, कोकराचं झालं. भाचीचं नाव आलं की बायका नव्या नवरीला हसायच्या. मधल्या एका कडव्यात ती अडखळली, स्क्रीनकडे बघितलं, बोटाने वर सरकवलं आणि पुढे गेली. चुलीच्या वैलाचं कडवं संपलं. आता शेवटचं. माय स्क्रीनवरून नजर काढून भाचीकडे बघत म्हणाली, "उरली..." आणि थांबली.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला कळलं, ते गेलंय. ती आठवायचा प्रयत्नही करत नव्हती, ती घाबरली होती. ओठ हलत होते. जातं थांबलं. मागे कुणीतरी कुजबुजलं. भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं.

माझा मोबाइल शेजारीच होता. मी बोट पदराला पुसलं आणि स्क्रीनवर ठेवलं. बोट ओळखता येत नाही, पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच. नंबर दाबायला गेले तर काचेवर हळदीचा राडा झाला आणि एकाच्या जागी दुसरा आकडा उमटला. सगळ्या घराचे मोबाइल दुरुस्त करणारी मी, माझा स्वतःचा मोबाइल उघडू शकत नव्हते.

आणि मग माझ्याच तोंडातून आलं, "उरली हळद बाई, ठेवा कोनाड्यात झाकून."

घोगऱ्या आवाजात, अर्धी चाल चुकलेली. मी कधी शिकले नव्हते. पण त्या फाईलमध्ये ते कडवं मी इतक्या वेळा टाइप केलं होतं की ते हातातून केव्हा आत उतरलं, मला पत्ताच नव्हता. मायने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा सैल झाला. पुढची ओळ तिने घेतली, भाचीचं नाव घालून, स्वतःच्या आवाजात, स्क्रीनकडे न बघता. मागून बायकांनी उचललं. मी जातं ओढायला लागले, कारण डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

सगळं झाल्यावर माय माझ्याजवळ आली. "पाहून म्हनली का?"

"न्हाई," मी म्हटलं. "मोबाइल उघडलाच न्हाई."

"मंग बराबर हाय."

उरलेली हळद तिने वाटीत काढून वर ताटली झाकली. कोनाडा आता घरात नाही, म्हणून टीव्हीच्या शेजारच्या कपाटात ठेवली.

लग्न लागलं, भाची सासरी गेली. मी जालन्याला परत आले आणि कामात बुडाले. फाईल उघडायचं काही कारण राहिलं नव्हतं. हळदीहून उठताच भाचीने ते कडवं फाईलच्या शेवटी लिहून टाकलं होतं. आज्जी, आता चालतं ना, असं विचारून. माय हो म्हणाली होती. गाणं पुरं झालं होतं, आणि खरं सांगते, मला त्याची थोडी धास्ती वाटत होती. फोनवर माय थकलेली वाटायची. लवकर ठेवून द्यायची.

एका सकाळी ऑफिसात नऊच्या सुमाराला मोबाइल एकदा वाजला आणि बंद झाला. मायचा मिस कॉल.

ठरल्याप्रमाणे मी हात लावला नाही. दुपारी चहाच्या वेळी फाईल उघडली. शेवटचं कडवं नव्हतं. मी वर गेले. खुंट्याच्या कडव्यात भाचीचं नाव पुसून तिथं माझ्या मुलीचं नाव घातलं होतं. कोकराच्या कडव्यातही. विहिरीच्याही. एका ठिकाणी भाचीचंच राहून गेलं होतं, तिथवर बोट दमलं असणार. 

माझी मुलगी आठवीत आहे. पुढे तिला शिकायचंय, नोकरी करायचीय, आणि लग्न करायचं की नाही हे ती कधी ठरवेल ते तीच जाणे. मी लगेच मायला फोन लावला. आवाज चढवायचा होता, पण चढला नाही. नुसतं म्हटलं, माय, अगं तिच्या हळदीला अजून लई वर्षं आहेत.

"आसू दे की," माय म्हणाली. "मी कुठं जल्दी करून राह्यले."